दोन बोर्ड, दहा आज्ञा

रेवणप्पा पेंटरचा एक कायदा होता, आकडे आधी, अक्षरं मग. बोर्ड ग्रामपंचायतीचा असो की दवाखान्याचा, तो आधी डाव्या अंगानं तांबड्या रंगात एक, दोन, तीन असे आकडे घालून मोकळा व्हायचा आणि मग त्यांच्यापुढं काळ्या रंगात मजकूर भरायला बसायचा. लोक चेष्टा करायचे, "काय अप्पा, आधी बारसं अन् मग बाळंतपण?" त्यावर हा ब्रश न थांबवता म्हणायचा, "अक्षर चुकलं तर मास्तर रागावतो. आकडा चुकला तर डोकी फुटत्यात."

हे शहाणपण त्याला बहात्तरच्या दुष्काळानं दिलेलं. तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा, औशाकडच्या एका लिंगायत शेतकऱ्याचा पोरगा. विहिरीनं तळ दाखवला तशी घरची सगळी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. कुठला ढीग कुठल्या टोळीचा, यावरून रोज बाचाबाची. एकदा तर खरोखरच डोकी फुटली. मग रेवणप्पानं बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला, चुन्यात बुडवला आणि एकेका ढिगापुढच्या धोंड्यावर ठसठशीत आकडा घातला. भांडणं मिटली. मुकादम म्हणाला, "पोरा, तू खडी फोडू नगंस. तू आकडे घाल." झालं, तिथून ब्रश हातात आला तो आलाच.

पुढं ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला आणि गड्याचं नशीब उघडलं. एका रात्रीत सगळ्या मुलखाचा पत्ता बदलला की हो! शाळा, सोसायट्या, चावड्या, जिथं म्हणून 'जिल्हा उस्मानाबाद' होतं तिथं 'जिल्हा लातूर' करायचं. सायकलच्या कॅरियरला डबे बांधून रेवणप्पा गावोगाव हिंडला. "सरकारनं जिल्हा कागदावर केला, भिंतीवर मी केला," असं तो छाती काढून सांगायचा. फुशारकी होती, पण अगदीच खोटी नव्हती. लातूरची गोल बाजारपेठ म्हणजे गोलाई, तिच्या मागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान झालं आणि रेवणप्पाच्या बोर्डात चूक सापडायची नाही, असं लोक बोलायला लागले.

चूक नव्हती असं मात्र नाही. शिरूर अनंतपाळच्या एका शाळेत त्यानं 'चांगल्या सवयी' रंगवायला घेतल्या. सवयीप्रमाणं दहा आकडे घालून बसला आणि मग कागद उघडला, तर हेडमास्तरांनी सवयी नऊच लिहिलेल्या! तांबडा दहा वाळलेला, परतीची एसटी यायला टेकलेली. ह्या बहाद्दरानं काय करावं? 'रोज दात घासावेत व अंघोळ करावी' ह्या एका सवयीच्या दोन केल्या. दात नवव्या आकड्यापुढं, अंघोळ दहाव्या. कुणाच्या बापाला कळलं नाही. पण त्याचं त्याला ठाऊक होतं आणि अधूनमधून जेवताना घास अडकल्यासारखं त्याला ते आठवायचं.

आता खरी गोष्ट शहाऐंशीच्या मे महिन्यातली. पुन्हा दुष्काळ. लातुरात टँकर आला की घागरींची रांग लागायची आणि बायकांचे आवाज चढायचे. असल्या वर्षात नवा बोर्ड कोण रंगवून घेतो? रेवणप्पाला काम मिळालं ते मिशनच्या आवारातल्या चर्चमध्ये. तिथं भिंतीवर देवाच्या दहा आज्ञा लिहिलेला जुना लाकडी बोर्ड होता, तो धुरानं आणि वयानं काळवंडलेला. जून उजाडायच्या आत तो उजळून द्यायचा होता, कारण शेजारच्या मुलींच्या बोर्डिंगमधल्या पोरी दर रविवारी त्याच्यासमोर उभं राहून आज्ञा म्हणायच्या. जुन्या अक्षरांवरनं नुसता ब्रश फिरवायचा, वाचायचंही कारण नाही. रेवणप्पा शिडी लावून चढला आणि रिवाजाप्रमाणं आधी दहाही आकडे तांबडे करून टाकले.

त्याच गुरुवारी, तो शिडीवर असताना, खाली गुणाबाईची परीक्षा झाली.

गुणाबाई म्हणजे भोकरकडच्या एका खेड्यातली पस्तिशीची विधवा. तिकडं हाताला काम उरलं नाही म्हणून पोरीला घेऊन लातुरात बहिणीच्या झोपडीत आलेली. बोर्डिंगला स्वयंपाकीण पाहिजे होती. ते काम मिळालं तर स्वयंपाकघरामागची खोली मिळणार होती आणि तिची दहा वर्षांची सिंधु बोर्डिंगात राहून शाळा शिकणार होती. नाही मिळालं तर हैदराबादला बांधकामावर जाणारी टोळी सोमवारी निघायची होती. मग सिंधुची शाळा संपली आणि मायलेकी पाटी-फावड्याला लागल्या, असा सरळ मामला.

मिशनचा रिवाज असा, की बोर्डिंगात चुलीशी उभ्या राहणाऱ्या बाईला दहाही आज्ञा तोंडपाठ पाहिजेत, कारण पोरी तिच्या मागं म्हणतात. परीक्षा घ्यायचे चर्चचे पाळक व्यंकटराव. माणूस वाईट नव्हता हो, उगं कशाला बोल लावू? दुष्काळात स्वतःच्या घरची घागर बोर्डिंगच्या हौदात ओतणारा माणूस. पण परीक्षेच्या बाबतीत भलता कडक. ओळीनं कधी विचारायचा नाही. म्हणायचा, ओळीनं पोपटसुद्धा म्हणतो. हा आकडा सांगायचा आणि आज्ञा मागायचा. त्याच्या बाजूला चर्चच्या मंडळीतले वडीलधारे पंच म्हणून दगडोबा बसलेले. नाव दगडोबा आणि दगडाच्या देवाचा असा वैरी साऱ्या लातुरात नव्हता.

"गुणाबाई, दुसरी आज्ञा सांगा," पाळक म्हणाले.

गुणाबाई पदर सावरून उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "देवाचं नाव फुकट घ्यायचं न्हाई."

पाळकांनी भुवई वर केली. "चौथी?"

"आईबापाचा मान राखायचा."

"हे काय बोलायलाव बाई?" दगडोबा खुर्चीतनं पुढं झाले. "चौथी विसाव्याच्या वाराची. आईबापाची पाचवी!"

गुणाबाई गोंधळली. पाळकांनी तिला ओळीनं म्हणायला लावलं. ती म्हणत गेली. एकच देव मानायचा, हे झालं. पण त्याच्यानंतरचं 'मूर्ती करून तिच्या पाया पडायचं नाही' हे तिनं म्हटलंच नाही. सरळ पुढं गेली. आणि शेवटी आल्यावर शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ वेगळा मोजला, शेजाऱ्याच्या मालमत्तेचा वेगळा, आणि दहा भरले.

"बघितलं का?" दगडोबांनी मांडीवर थाप मारली. "मूर्तीची तेवढी बरोबर खाल्ली! अन् दहा भरावेत म्हणून शेवटच्या एकीच्या दोन केल्या. हिच्या सासरी मरीआईचं ठाणं होतं, मला ठाऊक हाय. घरात मूर्ती असणार. म्हणून ती आज्ञा जिभेवर येईना."

"न्हाई जी," गुणाबाई कळवळून म्हणाली, "आमच्या भोकरकडच्या देवळात असंच हाय. भिंतीवर बोर्डच हाय. सिस्टरनं त्याच्यापुढं उभं करून पाठ करून घेतलं माझ्याकडनं. तीन वर्सं म्हणायले मी असंच."

"असं कसं असेल?" पाळक वैतागले. "कोणत्या गाढवानं रंगवला तो बोर्ड?"

ते गाढव शिडीवर होतं. त्र्याऐंशी साली भोकरजवळच्या त्या कॅथलिक देवळातला बोर्ड रेवणप्पानंच रंगवला होता. घाईत रंगवलेलं काम, आकडे आधी घातलेले. एक ओळ गळाली असेल का? आणि मग दहावा आकडा रिकामा राहिला म्हणून आपणच शेवटच्या ओळीच्या दोन केल्या असतील का, दात आणि अंघोळीसारख्या? शाळेच्या सवयी ठीक. पण हा देवाचा कायदा! चार माणसांत कळलं तर बेइज्जती, धंद्याला कायमचा डाग. खालनं गुणाबाई मान वर करून भिंतीवरच्या बोर्डाकडं बघत होती. वाचता येत नव्हतं तिला, तरी बघत होती. रेवणप्पानं तोंड भिंतीकडं वळवलं आणि एका आकड्यावर दुसरा हात मारत बसला. बोलला नाही. एक शब्द बोलला नाही.

पाळकांनी निकाल दिला. मूर्ती असेल तर रविवारी आणून द्यायची, मंडळीपुढं कबूल व्हायचं, मग काम मिळेल. कबूल झालेल्या माणसाला देव क्षमा करतो आणि बोर्डिंगही करील. नाहीतर दुसरी बाई तयार आहे. गुणाबाई बहिणीच्या झोपडीकडं निघून गेली.

शुक्रवारी रेवणप्पा कामाला गेलाच नाही. अंग कसकसतंय म्हणून पडून राहिला. पार्वतम्मा, त्याची बायको, उदगीरकडची. तिच्यापुढं नाटक चालायचं नाही. कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप न्हाई, काही न्हाई. मनात काय हाय ते ओका."

त्यानं सगळं ओकलं. ती ऐकत गेली तशी तिचा चेहरा बदलत गेला.

"अय्यो शिवा! अन् तुमी गप बसलाव?"

"बोलून काय करू? ओळ गाळली असंल तर?"

"गाळली असंल तर गाळली म्हणायचं. गळ्यात लिंग बांधून हिंडताव, अन् एका रांडमुंड बाईवर आळ आला तर भिंतीकडं तोंड करताव? जावा भोकरला. डोळ्यानं बघून या. बोर्ड काय पळून चाललाय का?"

शनिवारी पहाटेची नांदेड गाडी त्यानं धरली. अहमदपूर, लोहा, नांदेड आणि तिथून भोकर. सगळा रस्ता करपलेला, कुठं चाराछावणीतल्या गुरांच्या बरगड्या, कुठं टँकरमागं धावणारी माणसं. रेवणप्पाला त्यातलं काही दिसत नव्हतं. तो मनातल्या मनात दहा ओळी आठवत होता आणि दर वेळी आठव्या-नवव्याशी त्याचा गोंधळ व्हायचा.

दुपारी देवळात शिरला तेव्हा आत कुणी नव्हतं. बोर्ड जसाच्या तसा, रंग अजून ताजा. त्यानं एकेका आकड्याखाली बोट ठेवून वाचलं. एक देव. नाव. विसाव्याचा वार. आईबाप. दहा भरले. शेवटच्या दोन ओळी लोभाच्या, एक बायकोची, एक मालमत्तेची. मूर्तीची ओळ कुठंच नव्हती. रेवणप्पा बाकावर बसला.

"काय हवं होतं?" मागनं आवाज आला. देवळाचे फादर, वसईकडचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी पेंटरला ओळखलं.

"फादर, माझ्याकडनं पाप झालंय. एक ओळ गळाली, अन् ती झाकावी म्हणून मी एकीच्या दोन केल्या."

फादरनी बोर्डाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि ते मोठ्यानं हसले. कपाटातनं एक जुना कागद काढून आणला. त्र्याऐंशी साली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलेला मजकूर तो. शब्दाला शब्द बोर्डासारखा. रेवणप्पानं काही गाळलं नव्हतं.

"मग ती मूर्तीची आज्ञा?"

"ती पहिलीच्या पोटात आहे," फादर म्हणाले. "माझ्याशिवाय दुसरा देव नको, म्हणजे दुसऱ्या देवाची मूर्तीही नको, असं आम्ही धरतो. तुमच्या लातूरच्या चर्चचे प्रॉटेस्टंट लोक तिला वेगळी काढून दुसरी म्हणतात. मग त्यांचा एकेक आकडा पुढं सरकतो. शेवटी लोभाच्या दोन आम्ही वेगळ्या मोजतो, ते एक मोजतात. आपल्या कोकणातले यहुदी लोक तर आणखी निराळे. 'मी तुझा देव आहे' ह्या नुसत्या वाक्यालाच ते पहिली म्हणतात. सगळ्यांचे दहाच भरतात."

"मग शास्त्रात आकडे कसे हायत?"

"शास्त्रात आकडे नाहीतच. दहा आहेत एवढं सांगितलंय. कुठली कितवी, ते नाही सांगितलेलं. मजकूर आधीचा. आकडे माणसांनी मागनं घातलेत."

ज्यानं जन्मभर आकडे आधी घातले त्याला हे पचायला वेळ लागणारच की. मग त्याला आपल्या घरचंच आठवलं. त्याची आई घरातले पाच नेम अंगठ्यापासनं मोजायची आणि सासू करंगळीपासनं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी विहिणी-विहिणींचं वाजलं, कारण नव्या सुनेचा पहिला नेम सासरी पाचवा निघाला. "पोरगी उलटी शिकवून पाठवली," म्हणून आईनं डोळ्याला पदर लावला होता. पाचही नेम पार्वतम्मा रोज पाळत होती, तरी वर्षभर तिला टोमणे खावे लागले. तेव्हा रेवणप्पा हसला होता. आता त्याला हसू येईना.

फादरनी तो कागद त्याला दिला, खाली दोन ओळी लिहून सही केली. "पाळकांना दाखवा. त्यांना हे माहीत असायला हवं, पण आपण सगळे आपल्याच भिंतीवरचं वाचतो," ते म्हणाले. रेवणप्पानं कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला. आपला बोर्ड बिनचूक होता, याचा आनंद त्याला एवढा झाला की भोकरच्या स्टँडवर त्यानं दोन कप चहा प्याला. गुणाबाईचं काम झालंच, असं त्यानं धरून टाकलं. लातूरची शेवटची गाडी मात्र चुकली. रविवारी सकाळी नांदेडहून निघालेली गाडी वाटेत बंद पडली आणि तो मिशनच्या आवारात पोचला तेव्हा दुपार टळली होती. उपासना उरकून लोक घरी गेले होते.

पाळकांच्या ओसरीवर दगडोबा एकटेच बसलेले, गडी खुशीत.

"या पेंटर! निघाली का न्हाई मूर्ती? मी म्हणलंवतं! आपणहून आणून दिली तिनं, भर मंडळीत. रडली, कबूल झाली. पाळकसाहेबांच्या डोळ्यात पाणी आलं. काम दिलं तिला."

रेवणप्पाचा हात खिशाकडं गेला होता, तो तिथंच राहिला. दगडोबांनी बोट केलं. ओसरीच्या कडेला वर्तमानपत्राच्या कागदावर नारळाएवढा एक दगड होता, शेंदरानं माखलेला.

तो खाली वाकला. आता बघा, दगडोबांना शेंदूर म्हणजे शेंदूर. पण रेवणप्पाची उभी हयात रंगात गेलेली. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेल्या देवावर तेल-शेंदराचं जाड कवच चढतं, थरावर थर, नखानं निघता निघत नाही. ह्या दगडावर एकच हात होता, तोही घाईनं मारलेला. खालच्या बाजूला नुसतं ओढ्यातल्या वाळूनं घासलेलं कोरं अंग. त्यानं बोट लावलं तर रंग बोटाला आला. फार तर कालचा. त्यानं बोट धोतराला पुसलं आणि मागं वळून न बघता स्वयंपाकघराकडं गेला.

गुणाबाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. आतल्या खोलीत सिंधु नव्या वहीला कागद घालत बसलेली, तिची गुणगुण ऐकू येत होती.

"गुणाबाई," तो दारातनंच हळू म्हणाला, "तो दगड पुजलेला न्हाई. कालचा रंग हाय त्याच्यावर."

तिचा हात परातीत थांबला. "तुमाला कसं कळलं?"

"रंगाचंच काम हाय माझं."

"पाया पडते, कुणाला सांगू नका."

त्यानं घाईघाईनं कागद काढला. भोकरचं सगळं सांगितलं. फादर काय म्हणाले, लातूरवाले मूर्तीची आज्ञा कशी वेगळी मोजतात, ते सगळं. "तुमचं काहीच चुकलं नव्हतं. शब्दन्‌शब्द बरोबर होता. तो बोर्ड मीच रंगवलाय, मला ठाऊक हाय ना."

"तुमी रंगवलाय?"

"हाव."

"अन् गुरुवारी शिडीवर तुमीच होताव."

"हाव."

"मग बोललाव कामून न्हाई, अप्पा?"

"मला वाटलं माझ्याच हातानं ओळ गळाली. भ्यालो मी." एवढं म्हणताना त्याला लाज वाटली, मान वर होईना. "चुकलो. लई चुकलो. चला, आत्ताच्या आत्ता पाळकसाहेबाला कागद दाखवू."

"आता?" ती पिठाच्या हातानं उठून दाराशी आली. "आता दाखवून काय करताव? मी खरी होते असं ठरलं, तर ती मूर्ती कुठली म्हणतील. मंडळीपुढं खोटं रडले म्हणतील. खोटारड्या बाईच्या हातची भाकरी पोरींना कोण खाऊ देतो? उद्या टोळी निघायलीय हैदराबादला. सिंधुला घेऊन मी त्याच्यात बसू का?"

रेवणप्पानं पुढं केलेला कागद मागं घेतला.

"सासूची मरीआई सासूसंगं गेली," गुणाबाई सांगू लागली. आवाजात राग नव्हता, त्यानंच त्याला जास्त लागलं. "तिच्या माघारी मी घरात देव ठिवला न्हाई. तीन वर्सं कुठल्या दगडापुढं वाकले न्हाई. काल बाजारातनं शेंदूर घेतला, ओढ्यातला धोंडा उचलला अन् माखला. अन् काय सांगू अप्पा, माखून झाल्यावर समोर ठिवला तर माझे हात आपसूक जोडले गेले. सवयच ती लहानपणापासनंची. म्हंजे जी मी मोडली नव्हती, ती आज्ञा काल खरीच मोडली."

तिनं पदरानं तोंड पुसलं, पीठ गालाला लागलं. मग तिनं विचारलं, "तुमी दोन्ही बोर्ड रंगवलाव. ती खोटं बोलायचं न्हाई म्हणणारी आज्ञा, ती कितवी?"

"इथं नववी," रेवणप्पा म्हणाला. "तिकडं भोकरला आठवी."

"म्हंजे दोन्हीकडं हाय."

"हाय."

"मला वाटलं," गुणाबाई म्हणाली, "एखाद्या हिशेबात तरी गळाली असंल."

ती परत परातीशी जाऊन बसली. चाळीस पोरींच्या भाकरी व्हायच्या होत्या. रेवणप्पानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि दारातच उभा राहून रडला.